डिश उघडी असताना

काम अगदी साधं होतं. काळ्या खोलीत जायचं, चाळीस डिशा तपासायच्या, कुठे बुरशी धरली आहे का बघायचं, वहीत खुणा करायच्या आणि बाहेर यायचं. दुपारचे साडेतीन वाजले होते. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं, जिन्यावर कुणीतरी मोठ्याने हसत होतं. भ्यावं अशी ती वेळच नव्हती. पण ज्या खोलीला खिडकीच नाही, तिथे दुपार काय आणि मध्यरात्र काय!

तिला सगळे दचकू म्हणायचे. दार आपटलं की दचकायची, फोन वाजला की दचकायची. एकदा तर स्वतःच्याच शिंकेला दचकून हातातला फ्लास्क फोडला, असं काचा धुणाऱ्या मावशी येईल त्याला सांगायच्या. फ्लास्क फुटलाच नव्हता. पण गोष्ट इतकी शोभून दिसायची की दचकूनेही कधी खोडून काढली नाही.

आज मात्र तिला भीतीपेक्षा राग जास्त आला होता. हा राग तिला नवीन होता. सकाळपासून पायात बोचणाऱ्या खड्यासारखा तो नुसता जागा बदलत होता. अॅप्रनच्या खिशात चौपदरी घडी घातलेला एक कागद होता, आणि चालताना तो मांडीला लागला की राग पुन्हा वर यायचा.

कागदावर सरांनी स्वतः टाइप करून आणलेल्या अकरा ओळी होत्या. 'माझ्या समक्ष त्यांनी दाब पूर्ण उतरण्यापूर्वीच यंत्राचे झाकण उघडले. त्यांनी घाई केली.' खाली तिचं नाव, आणि सहीसाठी रिकामी जागा.

'त्यांनी' म्हणजे ताईने.

ताई म्हणजे या प्रयोगशाळेचा हात. सर या प्रयोगशाळेचे प्रमुख होते, पाटीवर नाव सरांचं होतं, शोधनिबंधांवर पहिलं नाव सरांचं होतं. पण गवताच्या फुलातून रोप उगवून आणावं ते ताईनेच. चाऱ्याचं ते उंच गवत पोटरीत आलं की, म्हणजे तुरा अजून पानाच्या मुठीत मिटलेला असतो तेव्हा, ती तो तुरा काढायची. मऊ, दुधी, करंगळीच्या नखाएवढा. त्याचे राईएवढे तुकडे करून अगारच्या, म्हणजे जेलीसारख्या पोषक थरावर मांडायची आणि डिशा अंधारात ठेवायची. अंधार लागतोच त्याला. अगारमध्ये औषध घातलेलं असे, तेच जे जास्त झालं तर तण मारतं. थेंबाच्याही अंशाएवढं दिलं, की तुकडा आधी सुजतो, मग त्याच्यावर मोत्यासारखे पांढरे दाणे धरतात. ते दाणे म्हणजे भ्रूण. ना परागकण, ना बी, ना मातीचा कण. मग त्यांना बिनऔषधाच्या अगारवर, उजेडात नेलं की हिरवा कोंब फुटतो.

"फुलाला आपण फूल आहोत हे विसरायला लावायचं, एवढंच असतं गं," ताई म्हणायची. "विसरलं की ते पहिल्यापासून सुरू होतं."

"सगळं विसरतं?" दचकूने एकदा विचारलं होतं.

"सगळं कसं विसरेल? गवत ते गवतच राहतं की."

ताईचा एक नियम होता, आणि तो मोडला की ती खरोखर चिडायची. डिश उघडी असताना बोलायचं नाही. तोंड उघडलं की तोंडातले जंतू अगारवर पडतात आणि तीन आठवड्यांची मेहनत मातीत जाते. ती स्वतः तर श्वासच रोखून धरायची. झाकण उचललं की श्वास बंद, चिमटा झरझर फिरायचा, झाकण बसलं की नाकाने लांब श्वास सोडायची, हंऽऽऽ असा, आणि मगच जे बोलायचं ते बोलायची. ताईचा तो श्वास ऐकू आला की सगळे कान टवकारायचे. आता बोलणी बसणार, हे ठरलेलं.

नव्या माणसाला हा नियम पटावा म्हणून ताई पहिल्याच दिवशी एक खेळ करायची. कोऱ्या अगारची डिश उघडून पुढ्यात ठेवायची आणि सांगायची, "तुझं नाव सांग हिला." दचकूने सांगितलं होतं, तेही चाचरत. तीन दिवसांनी ताईने डिश दाखवली. एका कडेपासून पंख्यासारखे ठिपके पसरले होते. तोंडाजवळच्या कडेला दाट, पलीकडे विरळ. पांढरे, पिवळे, एक गुलाबी.

"बघ, तुझं नाव उगवलं," ताई हसली होती. "आणि चाचरलीस ते पण दिसतंय. इथे दोनदा थुंकी उडालीय."

ती ताई बरोबर एकवीस दिवसांपूर्वी भाजली. नऊ दिवस इस्पितळात होती. मग गेली.

अगार आणि काचा ज्यात वाफेवर उकळतात त्या मोठ्या यंत्राचं झाकण उडालं. हंड्याएवढं यंत्र ते, त्याला दाबाची तबकडी, तबकडीत काटा. झडप अडकते, काटा अडकतो, अशी तक्रार ताईने वहीत तीनदा लिहिली होती. "अनुदान आलं की बघू," सर म्हणाले होते. त्या दिवशी पाहुणे आले होते आणि सर दोनदा दारात येऊन गेले. "झालं का? अजून किती? लोक खोळंबलेत." ताईने काट्यावरची नजर हलवली नाही. काटा शून्यावर आला. त्यानंतरही ती मनगटावरच्या घड्याळात बघत दहा मिनिटं थांबली, कारण नियम तसा होता. मग तिने झाकणाचे स्क्रू सैल केले. आत दाब तसाच होता.

काटा शून्यावर होता हे ताईने पाहिलं होतं, आणि तिच्या मागे जाड हातमोजे घेऊन उभ्या असलेल्या दचकूने. तिसरं कुणी नव्हतं. तक्रारवहीतली ती पानं आता वहीत नव्हती.

चौकशी समिती उद्या सकाळी दहाला येणार होती.

"तुझं कंत्राट या महिन्यात संपतंय ना?" सकाळी सर अगदी मायेने म्हणाले होते. "मी पुढचं बघून ठेवलंय. पीएच.डी.ची नोंदणीही करून टाकू. सही करून संध्याकाळपर्यंत आणून दे."

जेवणाच्या सुट्टीत तिने आईला फोन केला. सगळं ऐकून आई म्हणाली, "कर बाई सही आणि मोकळी हो. आपण कशाला विस्तवात हात घालायचा? गेलेली पोर काही साक्ष द्यायला येणार नाहीये."

"पण आई, खोटं आहे ते."

"मग? तू एकटी खरं बोललीस म्हणून ती परत येणार आहे का?"

दचकूने डबा न खाताच बंद केला. राग कुणाचा आला होता हे तिला नीट सांगता आलं नसतं. सरांचा तर होताच. आईचा होता. पण सगळ्यात जास्त स्वतःचा होता, कारण कागद वाचल्या वाचल्या तिने फाडला नव्हता. नीट घडी घालून खिशात ठेवला होता.

असो. तर साडेतीन वाजता तिने काळ्या खोलीचं कुलूप उघडलं. किल्ली एकच, आणि ताई गेल्यापासून ती दचकूच्याच गळ्यात असायची. बाहेरचं दार लावायचं, मग आतलं उघडायचं, उजेड आत जाऊ नये म्हणून. आत मिट्ट काळोख, एअर कंडिशनरची एकसुरी घरघर आणि अगारचा तो ओलसर, फिकट वास. पण आज त्यात आणखी एक वास होता. स्पिरिटचा. नुकतंच कुणीतरी दिव्यावर चिमटा तापवून निववावा तसा. आत तर दिवा कुणी लावत नाही.

'आपल्याच हाताला येत असेल,' तिने मनाची समजूत घातली आणि हिरव्या कागदात गुंडाळलेली छोटी बॅटरी लावली.

मांडणीवर चार ओळी, प्रत्येकीत दहा डिशा. भाजली त्या दिवशी सकाळीच ताईने त्या भरून ठेवल्या होत्या. प्रत्येक झाकणावर तिच्या ठाशीव अक्षरात तारीख. मांडणीच्या समोर हाताच्या अंतरावर तिचं उंच स्टूल. ते हलवायची कुणाचीच छाती झाली नव्हती.

दचकूने पहिली डिश उचलली.

दाणे होते. छान, पांढरे, टपोरे. पण दाण्यांतून कोंब आले होते. औषधाच्या अगारवर, अंधारात, कोंब येतच नाहीत. हे आले होते. दोऱ्यासारखे लांब, पांढरेफटक, आणि सगळे एकाच बाजूला कललेले. रोप उजेडाकडे कलतं, हे शाळेतलं पोरही सांगेल. इथे उजेड नव्हता. कोंब कलले होते ते स्टुलाकडे.

आणि त्याच बाजूच्या कडेपासून, अगारवर पंख्यासारखे ठिपके पसरले होते. कडेला दाट. पलीकडे विरळ.

तिने दुसरी डिश पाहिली. तिसरी. मग भराभर सगळ्या. प्रत्येक डिशची कड बंद करणारी मेणपट्टी ताईने गुंडाळली तशीच, कुठे सुरकुतीही नाही. आणि प्रत्येकीत तोच पंखा. तीच लांबी, मध्ये तसंच एक छोटं अंतर, शेवटी तसाच दाट पुंजका. चाळीस डिशा. कुणीतरी त्या स्टुलावर बसून, बंद झाकणांवरून, चाळीस वेळा एकच वाक्य बोललं होतं.

दचकू धावतच बाहेर आली. मोरीपाशी मावशी बाटल्या घासत होत्या. पन्नाशी ओलांडलेली, तोंडाची फटकळ बाई.

"काय गं, स्वतःच्या सावलीला भेटून आलीस का?"

"मावशी, आत कुणी गेलं होतं?"

"किल्ली तुझ्या गळ्यात नि विचारतेस मला!" मावशींनी बाटली उपडी ठेवली. मग त्यांचा आवाज खाली आला. "तू म्हणशील म्हातारी चळली, म्हणून बोलले नाही. जेवणानंतर तुम्ही सगळे वर जाता ना... तेव्हा आतून येतो आवाज."

"कसला?"

"बोलण्याचा. मोठ्याने नाही. दात आवळून बोलतं ना माणूस, संतापलं की... तसा. किती वेळा कान लावला. शब्द कळत नाहीत. पण रोज तेच वाक्य असतं, एवढं समजतं. आधी ते नाकाने... लांब... तिच्यासारखं." मावशींनी ओला हात पदराला पुसला. "मी नाही भ्यायले. मला रडू आलं. पोरगी मेली तरी हिची कामं संपेनात."

तेवढ्यात दारात सर आले.

"कागद?"

"सर, डिशा..."

"कागद विचारला मी."

"सगळ्या डिशा बिघडल्यात, सर. चाळीसच्या चाळीस."

सरांचा चेहरा बघता बघता बदलला. त्या चाळीस डिशांवर सरांचं पुढचं अनुदान उभं होतं, पेटंटचा अर्ज उभा होता. ते तडक काळ्या खोलीत शिरले. दचकूला मागोमाग जावंच लागलं. दोन्ही दारं तिने सवयीने पाठीमागे लावली.

हिरव्या उजेडात सरांनी दोन-तीन डिशा वर करून पाहिल्या. "एका बाजूने बॅटरी लावून ठेवलीस म्हणून कललेत. आणि हे काय? नाक शिंकरलंस का यांच्यावर?"

"मेणपट्टी तशीच आहे, सर. मी उघडल्याच नाहीत."

"मग काय आपोआप? तीन वर्षांचं काम आहे माझं!"

'माझं' म्हणताना त्यांनी एका डिशची मेणपट्टी टरकन काढली आणि झाकण उचललं. नाक खाली नेऊन वास घेतला. आणि उघडी डिश हातात धरून, तिच्यावरच तोंड ठेवून बोलत राहिले. तीस वर्षं या कामात घालवलेला माणूस! दचकूला त्या क्षणी भीती नाही वाटली. तिला ते बघवेना. ताईने हातावर फटका मारला असता.

"उकळून फेक सगळं. आणि उद्या नवीन लाव. तिचा हात काही सोन्याचा नव्हता. आणि तो कागद आता इथेच सही करून दे. तिने घाई केली, विषय संपला. मेलेल्या माणसाला काय फरक पडतो? तिने घाई के..."

बॅटरी विझली.

एअर कंडिशनरही थांबला. कानात दडे बसावेत इतकी शांतता झाली. डोळे उघडे की मिटलेले, काही कळेना. स्पिरिटचा वास अचानक इतका दाट झाला की घशात चरचरलं.

टक्.

डिशवर झाकण बसल्याचा आवाज. हलका, नेमका. हजारदा ऐकलेला.

"झाकण तू लावलंस?" अंधारातून सरांचा आवाज आला.

"नाही, सर. मी दाराशी आहे."

"माझ्या हातातल्या... डिशवर..."

मग तो श्वास. नाकाने, लांब, सावकाश सोडलेला. हंऽऽऽ. मांडणी आणि दार यांच्या मध्ये, जिथे स्टूल होतं, तिथून.

त्यानंतर दचकूला काहीच ऐकू आलं नाही. हे तिने पुढे शपथेवर सांगितलं. एक शब्दही नाही. पण सरांना आलं असावं, कारण सर मांडणीवर जोरात आदळले.

"काय म्हणालीस?"

"मी नाही बोलले, सर."

"काटा? कोण म्हणालं... बंद कर! तिचा आवाज काढतेस? लाज नाही वाटत? ...परत? अगं गप्प बस! शून्यावर होता नि नव्हता, कुणी बघितलं? कुणी बघितलं होतं?"

दचकू आयुष्यात पहिल्यांदाच दचकली नाही. एकवीस दिवस जे घशाशी अडकलं होतं, ते या एका प्रश्नाने वर आलं. तिला स्वतःचा आवाज ओळखू आला नाही, इतका तो खालचा आणि स्थिर होता.

"मी बघितलं होतं. काटा शून्यावर होता, सर. दहा मिनिटं शून्यावर होता. दोनदा तुम्ही आलात दारात. घाई तुम्ही केलीत. तिने नाही. तिने कधीच नाही केली."

घरघर पुन्हा सुरू झाली. बॅटरी मिणमिणली.

सर मांडणीला पाठ लावून उभे होते, घामाने निथळत. हातातली डिश बंद होती. तिने मांडणीकडे पाहिलं आणि पटकन नजर वळवली. मग पुन्हा पाहिलं, कारण पाहायलाच हवं होतं. कोंब आता स्टुलाकडे नव्हते. डावीकडचे उजवीकडे, उजवीकडचे डावीकडे, मधले सरळ पुढे. चाळीसही डिशांतले कोंब सर उभे होते तिकडे कलले होते.

सरांना ते दिसलं की नाही, कुणास ठाऊक. हातातली डिश मांडणीवर आदळून ते तिला ढकलून बाहेर गेले. जाताना एवढंच म्हणाले, "उद्या बघतो तुला."

त्या रात्री आईने विचारलं, "केलीस सही?" दचकूने खिशातला कागद काढून ओट्यावर ठेवला. मागच्या कोऱ्या बाजूवर तिने स्वतःच्या अक्षरात सगळं लिहिलं होतं. आईने उभ्या उभ्या वाचलं. बराच वेळ भांडी उगाच इकडची तिकडे केली.

"तुझे बाबाही असेच होते," शेवटी म्हणाली. "डोकं फिरलं की फिरलं. जेवून घे."

दुसऱ्या दिवशी समितीतल्या तिघांसमोर दचकूने तो कागद वाचून दाखवला. एकदाही चाचरली नाही. मावशींनाही बोलावलं. त्यांनी सांगितलं की साहेब दोनदा दारात येऊन ओरडून गेले, मी मोरीतून ऐकलं, माझे कान अजून शाबूत आहेत. तिघांनी माना डोलावल्या, चहा घेतला, टिपणं काढली. सरांनी तक्रारवही दाखवली. तीत तक्रार नव्हती.

आठवड्याने निकाल आला. 'उपकरणातील दोष तसेच कर्मचाऱ्याची संभाव्य घाई. प्रमुखांना लेखी समज देण्यात यावी.' बस्स. चौकशीपासून दोन महिन्यांच्या पगारी रजेवर गेलेले सर आता चार दिवसांत परत येणार, असंही कळलं. दचकूचं कंत्राट महिनाअखेरीस संपत होतं. ते कुणी वाढवणार नव्हतं.

"संभाव्य!" मावशी म्हणाल्या. "म्हणजे काय असतं गं?"

"म्हणजे थुंकी गिळून बोलणं, मावशी."

डिशा तिने उकळल्या नव्हत्या. एकही नाही. बिघडलेल्या डिशा ठेवत नाहीत, पण तिला ठेवाव्याशा वाटल्या. आणि विचित्र गोष्ट अशी, की ठिपक्यांनी वेढलेले ते दाणे कुजले नव्हते. टुणटुणीत होते. सर यायचे त्या सोमवारी सकाळी लवकर येऊन ती डिशा बाहेर घेऊन आली. पहिल्या पाच-सहा तरी स्वच्छ अगारवर हलवाव्यात, उजेडात न्याव्यात, जाण्याआधी ताईचं एवढं काम पुरं करावं, असं तिच्या मनात होतं.

जंतू गाळून स्वच्छ हवा सोडणाऱ्या कपाटासमोर बसून तिने हात स्पिरिटने पुसले, डिशा ओळीने मांडल्या. आणि पाहिलं. पांढरे कोंब सगळे डावीकडे कलले होते. दिवा उजवीकडे होता. डावीकडे फक्त पातळ प्लायवूडची भिंत होती आणि भिंतीपलीकडे सरांची खोली. त्या भिंतीने सरांचं एकही गुपित कधी राखलं नव्हतं. त्यांच्या फोनवरच्या शिव्या तिने आणि ताईने इथे बसूनच ऐकलेल्या.

मावशी दारात आल्या. "शनिवारी जेवणानंतर आतून आवाज नाही आला बघ. पहिल्यांदाच. शांत झाली वाटतं."

दचकूने कोंबांकडे पाहिलं. शांत माणसाकडे कुणी असं वळून बघत नाही.

तिने डिश फिरवून ठेवली. चिमटा तापवला, निवू दिला. मान वळवून पाहिलं तर कोंब पुन्हा भिंतीकडे.

जिन्यावर पावलं वाजली. ओळखीची, टाचा आपटणारी. सर आले. मावशी झटकन मोरीकडे सरकल्या.

नेमकं त्याच वेळी दचकूने पहिल्या डिशचं झाकण उचललं होतं. श्वास रोखला होता.

पावलं तिच्या मागून गेली. थांबली. "अजून आहेस का तू?" सर म्हणाले. "महिनाअखेर म्हणजे महिनाअखेर."

तिला सांगता आलं असतं, सर, आत जाऊ नका. एवढंच. तिने समोरच्या कोंबांकडे पाहिलं. ताणून ताणून त्यांची टोकं भिंतीच्या बाजूच्या कडेला टेकली होती. तिला 'संभाव्य' हा शब्द आठवला. वहीतली फाडलेली पानं आठवली. इस्पितळातले नऊ दिवस आठवले, ज्यांत सर एकदाही फिरकले नव्हते.

आणि डिश तर उघडी होती. डिश उघडी असताना बोलायचं नाही.

सरांच्या खोलीचं दार उघडलं. लागलं. खुर्ची करकरली.

दचकूने दाणा उचलला, स्वच्छ अगारवर अलगद ठेवला, चिमटा बाजूला केला आणि झाकण लावलं. टक्. मग रोखलेला श्वास सोडायला म्हणून तिने तोंड उघडलं.

पण तिच्याआधी, भिंतीपलीकडून, अगदी जवळून, कुणीतरी तो सोडला. नाकाने, लांब, सावकाश.